व्होलची जोडी आणि माणसाचे वचन
(प्राण्यांतील संप्रेरके व सख्य ह्यांवरील संशोधनाचा परामर्श)

विवाहधर्माविषयी बोलताना प्राणिसृष्टीतील दाखला देण्याची चाल आपल्यांत फार जुनी आहे. 'फिझिऑलोगस' ह्या प्राचीन ग्रंथात, आणि त्यावरून रचल्या गेलेल्या मध्ययुगीन प्राणिकथासंग्रहांत, जोडीदार गमावल्यावर दुसरा न करणारा होला एकनिष्ठेचा आदर्श म्हणून येतो. सतराव्या शतकाच्या आरंभी संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनी विवाहितांना उपदेश करताना हत्तीच्या संयमाचा दाखला दिला. अलीकडच्या काळात ह्या मालिकेत एका नव्या प्राण्याची भर पडली आहे. तो म्हणजे अमेरिकेच्या गवताळ मैदानांत राहणारा, मुठीत मावेल एवढा, आखूड शेपटीचा प्रेअरी व्होल.

ह्या प्राण्याच्या नावाने दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगितल्या जातात. कोणी म्हणतो की, परमेश्वराने एकनिष्ठेचे द्रव्य मेंदूतच घालून ठेवले आहे, हे आता विज्ञानानेही मान्य केले. दुसरा म्हणतो की, प्रेम, निष्ठा, वात्सल्य ही सारी मेंदूतील रसायनांची उलाढाल असून वचन, व्रत, संस्कार हे तिच्यावर चढवलेले शाब्दिक अलंकार होत. दोन्ही विधाने एकाच संशोधनाच्या आधारावर उभी केली जातात. आणि दोन्हींचा भार त्या संशोधनाला पेलत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. विवाहाच्या तयारीसाठी येणारी तरुण जोडपी, विस्कटलेला संसार घेऊन दाराशी येणारे पतिपत्नी, आणि बाळंतपणानंतर 'ह्या मुलाविषयी मला काहीच वाटत नाही' असे रडत सांगणारी आई, ह्यांच्याशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, ह्याच्याशी तो निगडित आहे. म्हणून ह्या संशोधनात प्रत्यक्ष काय आढळले आणि त्यावरून काय म्हटले गेले, हे वेगवेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

१. शेतातील सापळ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

१९७२ पासून इलिनॉय विद्यापीठातील लोवेल गेट्झ हे व्होलच्या संख्येतील चढउतारांचा अभ्यास करीत होते. प्राण्यांना इजा न होता पकडणारे सापळे ते शेतांत लावीत व सापडलेल्या प्राण्यांवर खूण करून त्यांना सोडून देत. त्यांच्या ध्यानात आले की, इतर जातींचे व्होल एकेकटे सापडतात. प्रेअरी व्होलच्या बाबतीत मात्र तोच नर व तीच मादी पुन्हा पुन्हा एकाच सापळ्यात आढळतात. सस्तन प्राण्यांत नरमादी जोडीने राहणाऱ्या जाती दहांत एकीहूनही कमी आहेत. तेव्हा ही गोष्ट नवलाची होती. सू कार्टर ह्या संप्रेरकांच्या अभ्यासक गेट्झ ह्यांच्यासह कामास लागल्या. ह्या जातीत नरमादी एका बिळात राहतात, पिलांची निगा दोघेही करतात, आणि जोडीदार मेल्यावर उरलेल्यांपैकी बहुतेक दुसरा जोडीदार करीत नाहीत, असे हळूहळू दिसून आले.

ह्या वर्तनाचे मूळ शरीरात कोठे आहे, ह्याचा शोध घेताना अभ्यासकांचे लक्ष दोन संप्रेरकांकडे गेले: ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन. पैकी ऑक्सिटोसिन आपल्याला परके नाही. १९०६ साली हेन्री डेल ह्यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्कामुळे गर्भाशय आकुंचन पावते, हे दाखवले. पुढे त्या द्रव्यास जे नाव मिळाले त्याचा ग्रीक अर्थ 'शीघ्र प्रसूती' असा आहे. नव्या कराराची ग्रीक भाषा शिकलेल्यांस त्यातील 'तोकोस' हा घटक सहज ओळखता येईल. १९५३ साली व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो ह्यांनी नऊ अमिनो आम्लांच्या ह्या साखळीची प्रयोगशाळेत निर्मिती केली व १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतिगृहांत कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून दिले जाते ते हेच. मूल अंगावर घेताच आईला पान्हा फुटतो, तोही ह्याच संप्रेरकाच्या योगे. आपल्याकडे म्हशीगाईंच्या दुधासाठी त्याच्या इंजेक्शनाचा एवढा दुरुपयोग झाला की, एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या खासगी उत्पादनास मनाई करणारा आदेश काढला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

१९९२ साली टॉमस इन्सेल व लॉरेन्स शॅपिरो ह्यांनी दाखवले की, जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होलच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे ग्राही, म्हणजे ते संप्रेरक ज्यांवर येऊन बसते ती स्थाने, एका प्रकारे पसरलेली आहेत. एकेकट्या राहणाऱ्या डोंगरी व्होलच्या मेंदूत ती निराळ्या प्रकारे पसरलेली आहेत. संप्रेरक दोघांतही तेच. ते कोठे काम करते, ह्यात फरक. प्रेअरी व्होलमध्ये हे ग्राही मेंदूच्या अशा भागात विपुल आहेत, जेथे अन्नपाण्यासारख्या सुखद गोष्टींविषयी हवेपणाची भावना निर्माण होते. १९९३ साली नरांच्या बाबतीत व्हॅसोप्रेसिनचे महत्त्व दिसून आले. १९९४ साली मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडल्यास अल्प सहवासातच जोडी जमते, असे आढळले.

ह्यानंतर ज्यांचे नाव ह्या संशोधनाशी कायमचे जोडले गेले ते लॅरी यंग पुढे आले. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात त्यांनी हे काम जनुकांच्या पातळीवर नेले. १९९९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेअरी व्होलमधील व्हॅसोप्रेसिन-ग्राहीचे जनुक साध्या उंदरांत घातले. त्या उंदरांत व्हॅसोप्रेसिन दिल्यावर दुसऱ्याजवळ जाण्याची, त्याला हुंगण्याची व चाटण्याची प्रवृत्ती वाढली. २००४ साली मिरांडा लिम, यंग व इतर सहकाऱ्यांनी एकेकट्या राहणाऱ्या कुरण-व्होलच्या मेंदूतील एका ठरावीक भागात ह्याच ग्राहीचे प्रमाण वाढवले. तेव्हा त्या नरांनी परक्या मादीपेक्षा ओळखीच्या मादीला पसंती दिली. एका जनुकाच्या फेरफाराने स्वैर नर कुटुंबवत्सल झाला, अशा शब्दांत ही वार्ता जगभर गेली. २०२४ च्या मार्च महिन्यात यंग ह्यांचे निधन झाले. तीन दशके चिकाटीने केलेले त्यांचे काम प्रथम दर्जाचे आहे, हे कोणीही प्रांजळ टीकाकार मान्य करील.

२. मोजले काय आणि म्हटले काय

परंतु ह्या प्रयोगांत मोजले जाते ते नेमके काय? तीन कप्प्यांची एक पेटी असते. एका टोकाच्या कप्प्यात परिचित जोडीदार व दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात अनोळखी प्राणी बांधून ठेवतात. ज्याची परीक्षा घ्यावयाची तो मधल्या कप्प्यातून मोकळा फिरतो. तीन तासांत तो कोणाला बिलगून किती वेळ बसला, ह्याची नोंद होते. जोडीदाराजवळचा वेळ लक्षणीय अधिक भरला, की जोडी जमली असे समजतात. मोजमाप नेटके आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेत ते पुन्हा करून पाहता येते. पण ते बिलगून बसण्याचे मोजमाप आहे. त्याला 'प्रेम' म्हणणे ही एक उडी झाली, 'निष्ठा' म्हणणे ही दुसरी, आणि माणसाच्या संसाराला तेच माप लावणे ही तिसरी. वृत्तपत्रांनी तिन्ही उड्या एका दमात घेतल्या. कित्येक प्रवचनकारही त्यांच्या मागोमाग गेले.

वास्तविक 'सामाजिक एकजोडी' आणि 'लैंगिक अनन्यता' ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या क्षेत्रातील अभ्यासकांना चांगले ठाऊक होते. अलेक्झांडर ऑफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेअरी व्होलना मोकळ्या कुंपणांत ठेवून पिलांचे पितृत्व जनुकीय तपासणीने पाहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे जोडीने राहणारे नरमादीही जोडीबाहेर समागम करतात. शिवाय काही नर कोणत्याच एका मादीशी न राहता भटके आयुष्य काढतात. होल्याच्या आदर्शाचेही असेच झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पक्ष्यांच्या घरट्यांतील पितृत्व जनुकीय परीक्षेने कळू लागले, आणि जोडीने घरटे बांधणाऱ्या कितीतरी जातींत काही पिले परक्या नराची निघाली. म्हणजे ज्या प्राण्याला आपण व्यासपीठावर साक्षीदार म्हणून उभे करतो, तो उलटतपासणीत टिकत नाही.

एका जनुकाची कथाही अशीच गुंतागुंतीची ठरली. प्रेअरी व्होलमध्ये व्हॅसोप्रेसिन-ग्राहीच्या जनुकाजवळ एक लांबट पुनरावृत्त भाग आहे व जोडीने राहण्याचे रहस्य त्यात असावे, असे मत होते. २००६ साली सबीने फिंक, लोरां एक्सकोफिए व गेराल्ड हेकेल ह्यांनी अनेक जातींचे व्होल तपासले, तेव्हा जोडीने न राहणाऱ्या बहुसंख्य जातींतही तो भाग सापडला. तरीसुद्धा २००८ साली स्वीडनमधील जुळ्या भावंडांच्या व त्यांच्या जोडीदारांच्या पाहणीत ह्याच जनुकाचा एक प्रकार पुरुषांच्या संसाराशी जोडला गेला. त्या प्रकाराच्या दोन प्रती असलेल्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनी गेल्या वर्षी संसारात पेचप्रसंग आल्याचे सांगितले. एकही प्रत नसलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. परंतु त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, तो प्रकार दुहेरी असूनही ६६ टक्के पुरुषांनी पेचप्रसंग सांगितला नाही, आणि तो मुळीच नसताना १५ टक्क्यांच्या घरी तो आला. 'घटस्फोटाचे जनुक' हे नाव शास्त्रज्ञांच्या नव्हे, बातमीदारांच्या दौतीतून उतरले होते.

सर्वांत मोठा धक्का २०२३ साली बसला. कॅलिफोर्नियातील देवानंद मनोली, निराव शाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकसंपादनाच्या नव्या तंत्राने ऑक्सिटोसिनचा ग्राही जन्मतःच नसलेले प्रेअरी व्होल निर्माण केले. पूर्वीच्या प्रयोगांवरून पाहता ह्या प्राण्यांची जोडी जमावयास नको होती. ती जमली. माद्यांनी पिलांना जन्म दिला व पाजलेही. मात्र त्यांचे दूध उणे पडले आणि अंगावरून सुटेपर्यंत जगलेली पिले कमी निघाली. ह्यावरून पूर्वीचे संशोधन खोटे ठरत नाही. वाढलेल्या प्राण्यात एखादी वाट एकाएकी अडवणे आणि गर्भापासूनच ती वाट नसणे, ह्यांत अंतर आहे; देह दुसरी वाट काढतो. परंतु सख्य हे एका द्रव्याच्या किल्लीने उघडणारे कुलूप नव्हे, एवढे ह्यातून निश्चित झाले. आणि ही दुरुस्ती बाहेरच्या कोणा धर्मपंडिताने केली नाही. त्याच शास्त्राने, त्याच प्राण्यावर, स्वतःच्या साधनांनी केली. आपल्या मतांची अशी तपासणी आपण कितीदा करतो, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा.

३. फवाऱ्यातील विश्वास

व्होलवरून माणसावर येताना तर अधिकच घाई झाली. २००५ साली झुरिच येथील मिखाएल कॉसफेल्ड व सहकाऱ्यांनी जाहीर केले की, नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारल्यावर पैशांच्या एका खेळात माणसे अनोळखी भागीदारावर अधिक विश्वास टाकतात. ह्यातूनच 'विश्वासाचे संप्रेरक' ही पदवी रूढ झाली. पुढे इतरांना हा परिणाम सातत्याने सापडेना. २०२० साली, पद्धती आधी जाहीर करून मोठ्या संख्येवर केलेल्या फेरप्रयोगात मूळ परिणाम आढळला नाही. मध्यंतरी २०१० व २०११ साली कार्स्टन दे द्रू ह्यांनी नेदरलँड्समध्ये केलेल्या प्रयोगांतून असे सुचवले गेले होते की, हे द्रव्य सरसकट माणुसकी वाढवीत नाही. ते आपल्या गटाविषयी पक्षपात वाढवते.

आशा किती वाढल्या होत्या, हे स्वमग्न मुलांच्या उपचारांवरून दिसते. ह्या फवाऱ्याने मुले इतरांत मिसळू लागतील, ह्या भरवशावर अमेरिकेत २९० मुलांची व किशोरांची २४ आठवड्यांची चाचणी झाली. २०२१ साली तिचा निष्कर्ष आला: औषध मिळालेल्या व औषधाविना नुसता फवारा मिळालेल्या मुलांत अपेक्षित फरक पडला नाही. ज्या आईबापांनी वृत्तपत्रांतील मथळे वाचून मन बांधले असेल त्यांची निराशा ध्यानात घेतली, म्हणजे 'प्रेमाचे संप्रेरक' हा शब्दप्रयोग निरुपद्रवी नाही, हे कळते.

४. यंग ह्यांच्या ग्रंथाविषयी

यंग ह्यांनी ब्रायन अलेक्झांडर ह्या पत्रकाराच्या साहाय्याने २०१२ साली 'द केमिस्ट्री बिट्वीन अस' हा ग्रंथ सामान्य वाचकांसाठी प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, २००९ च्या जानेवारीत, 'नेचर' ह्या नियतकालिकातील एका छोट्या निबंधात त्यांनी प्रेम वाढवणारी वा कमी करणारी औषधे भविष्यात शक्य होतील, असे सूचित केले होते. ग्रंथाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे: स्त्रीचे पुरुषावरील प्रेम हे आई व अर्भक ह्यांच्या बंधाच्याच मज्जामार्गांवर उभे आहे, पुरुषाचे स्त्रीवरील प्रेम हे प्राण्याला स्वतःच्या क्षेत्राविषयी वाटणाऱ्या मालकीतून घडले आहे, आणि जडलेले प्रेम हे व्यसनाच्या जातीचे आहे.

ग्रंथाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. तो स्पष्ट आहे, आणि प्राण्याच्या दुःखाविषयी तो बधिर नाही. ऑलिव्हर बॉश ह्यांच्यासह झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले होते की, मादीपासून तोडलेला नर पाण्यात टाकल्यास धडपड सोडून तरंगत राहतो. ताणाशी संबंधित एका संप्रेरकाचा मार्ग अडवल्यास हे खचणे टळते. वियोग हा मनाचा दुबळेपणा नसून देहाला झालेली इजा आहे, ही गोष्ट ह्या प्रयोगाने अधोरेखित केली. विधवेच्या किंवा विधुराच्या घरी जाऊन तिसऱ्याच दिवशी 'आता सावरा' असा उपदेश करणाऱ्याने ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ग्रंथाचा दोष 'म्हणजे केवळ' ह्या दोन शब्दांत सांगता येईल. प्रेम अमुक मज्जामार्गाने चालते, येथपर्यंतचे विधान शास्त्राचे आहे. प्रेम म्हणजे केवळ तो मज्जामार्ग, हे विधान शास्त्राचे नाही. ते तत्त्वज्ञान आहे, आणि तत्त्वज्ञान म्हणून ते सिद्ध करावयास हवे. ते सिद्ध न करता प्रयोगांच्या प्रतिष्ठेवर ते खपवले जाते.

आपल्या भाषेतील एका शब्दावरून हे स्पष्ट होईल. पान्हा हा शब्द आपण दूध उतरण्यासही वापरतो व मायेसही. पारडू लुचू लागले की म्हैस पान्हवते. इंजेक्शन टोचले तरी दूध उतरते. दोन्ही वेळी द्रव्य तेच, स्नायूंचे आकुंचनही तेच. शरीरशास्त्राच्या दृष्टीने दोहोंत फारसा भेद नाही. पण पहिल्या वेळी पारडू आहे आणि दुसऱ्या वेळी ते नाही. दूध कसे उतरले, ह्याचे उत्तर संप्रेरकाच्या नावाने पुरे होते. कोणासाठी उतरले, ह्याचे उत्तर त्या नावात नाही. यंग ह्यांच्या ग्रंथात पहिल्या प्रश्नाचे विवरण उत्तम आहे आणि दुसरा प्रश्न जणू अस्तित्वातच नाही.

आणखी एक उणीव अशी की, वचन ह्या गोष्टीचा त्यात विचार नाही. व्होलचे सख्य झालेल्या सहवासातून उद्भवते. ते भूतकाळाचे फळ आहे. विवाहाचे वचन भविष्याविषयी असते, आणि तेही अशा भविष्याविषयी की जेव्हा आजची ओढ कदाचित उरणार नाही. आजार, दारिद्र्य, वार्धक्य ह्यांचा उच्चार वचनाच्या शब्दांतच केला जातो, तो ह्यासाठीच. जी ओढ आपोआप टिकते तिला वचनाची गरज नसते. म्हणून व्होल एकनिष्ठ निघाला असता तरी विवाहवचनाला पुरावा मिळाला नसता, आणि तो एकनिष्ठ निघाला नाही म्हणून वचनाचे काही बिघडलेही नाही.

संत थॉमस अक्वायनस ह्यांची पद्धत येथे मार्गदर्शक ठरते. 'सुम्मा कॉन्त्रा जेन्तिलेस' ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विवाहाचा विचार करताना त्यांनीही प्राण्यांकडे पाहिले. कुत्र्यांसारख्या ज्या जातींत मादी एकटी पिले पोसू शकते, तेथे नर राहत नाही. ज्या पक्ष्यांत दोघांची गरज असते, तेथे पिले वाढेपर्यंत जोडी टिकते. आणि मनुष्याच्या मुलाला तर पोषणाबरोबर शिक्षणही दीर्घकाळ लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गेट्झ ह्यांना तो अपरिचित वाटला नसता. पण थॉमस तेथे थांबत नाहीत. पतिपत्नींमधील मैत्री, परस्परांविषयीची समता व न्याय, ह्या मानवी कारणांकडे ते वळतात. प्राण्यांपासून आरंभ करावयाचा, पण प्राण्यांपाशी शेवट करावयाचा नाही, ही ती पद्धत.

५. सांत्वन आणि परका

ह्या संशोधनातील जो भाग धर्मशास्त्राच्या अभ्यासकास सर्वाधिक विचार करावयास लावतो, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. जेम्स बर्केट, लॅरी यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्होलच्या जोडीतील एकाला दूर नेऊन ध्वनीपाठोपाठ पायाला विजेचे सौम्य धक्के दिले. परत आणल्यावर, घडलेला प्रकार न पाहिलेल्या जोडीदाराने त्याला नेहमीपेक्षा अधिक काळ चाटले व गोंजारले. एवढेच नव्हे, तर दुःखिताच्या देहातील ताणाच्या खुणा जोडीदाराच्या देहातही उमटल्या. मेंदूच्या एका विशिष्ट भागातील ऑक्सिटोसिनचा मार्ग अडवताच हे सांत्वन थांबले. कुरण-व्होलमध्ये ते आढळले नाही.

पवित्र शास्त्राची मूळ भाषा जाणणाऱ्यास येथे आश्चर्य वाटू नये. हिब्रू भाषेत करुणेसाठी असलेला 'रहामीम' हा शब्द गर्भाशय ह्या अर्थाच्या 'रेहेम' शब्दाशी संबद्ध आहे. नव्या करारातील करुणेचे ग्रीक क्रियापद 'स्प्लांग्ख्ना', म्हणजे आतडी, ह्या शब्दावरून आले आहे. आपणही आतडे तुटणे, पोटात कालवणे, कळवळा येणे असेच म्हणतो. करुणा देहात उपजते, हे ह्या तिन्ही भाषांनी प्रयोगशाळेपूर्वी ओळखले होते. करुणेला देहाचा आधार आहे, असे शास्त्रज्ञाने सांगितल्यावर घाबरून जाणारा धर्मशिक्षक नकळत देहाला तुच्छ लेखतो. आणि शब्द देही झाला, ह्यावर ज्याचा विश्वास आहे त्याला तसे लेखण्याची मुभा नाही.

परंतु त्याच प्रयोगात आणखी एक नोंद आहे. दुःखित प्राणी अनोळखी असेल, तर व्होल त्याचे सांत्वन करीत नाही. कळवळा आहे, पण तो बिळाच्या तोंडाशी संपतो. दे द्रू ह्यांचे माणसांवरील निष्कर्ष पूर्णतः खरे धरले नाहीत तरी त्यांचा रोख ह्याच दिशेचा होता.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात रस्त्याच्या कडेला पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोनी प्रवाशाच्या बाबतीत वापरलेले क्रियापद हे आतड्यांवरून आलेलेच आहे. त्याची करुणा देहाबाहेरची नाही; तीही आतूनच उठते. फरक एवढाच की, ती परक्यासाठी उठते, आणि उठून थांबत नाही: जखमा बांधते, वाहन देते, खर्च सोसते, परत येण्याचा शब्द देते. येथेही शेवट वचनातच होतो, हे लक्षात घ्यावे. निसर्गाने आपल्या माणसापुरता दिलेला कळवळा परक्यापर्यंत नेणे, ह्यालाच कृपेने निसर्गाची पूर्तता करणे म्हणतात. हा निसर्गाचा निषेध नव्हे. आप्तांवर अधिक प्रेम करणे स्वाभाविक व योग्य आहे, असे थॉमसही प्रेमाच्या क्रमाविषयी लिहिताना मान्य करतात. दोष जवळच्यांवर प्रेम करण्यात नाही. तेथेच कुंपण घालण्यात आहे.

६. आपल्या कामापुरते

ह्या परामर्शातून आपल्या सेवाकार्यासाठी तीन गोष्टी निघतात.

पहिली, प्रवचनात प्राण्याला साक्षीदार करू नये. आज अनुकूल वाटणारा प्राणी उद्या प्रतिकूल ठरतो आणि त्याच्याबरोबर आपले वचनही हास्यास्पद होते. एकनिष्ठेचे मूळ परमेश्वराच्या निष्ठेत आहे; ते उंदराच्या मेंदूत शोधण्याचे कारण नाही.

दुसरी, विस्कटलेल्या संसारात 'माझी प्रकृतीच अशी' असे कोणी म्हणाल्यास त्याला झिडकारू नये, आणि ते संपूर्ण उत्तर म्हणून स्वीकारूही नये. स्वभावाचा भार प्रत्येकाचा सारखा नसतो, हे स्वीडनच्या आकड्यांनी दाखवले. तो भार म्हणजे निकाल नव्हे, हेही त्याच आकड्यांनी दाखवले. कबुली ऐकणाऱ्याने ही दोन्ही सत्ये एकत्र धरावयाची असतात.

तिसरी व सर्वांत निकडीची गोष्ट नवमातांविषयी. प्रसूतीच्या वेळी 'प्रेमाचे संप्रेरक' उसळते व आईचे मन मुलावर जडते, असे वर्गांत सरसकट सांगितले की, जिची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली, जिला दूध आले नाही किंवा जिला बाळंतपणानंतर नैराश्याने ग्रासले, ती स्वतःला आई म्हणवून घेण्यास अपात्र समजू लागते. तिला डॉक्टरकडे नेणे, हे पहिले कर्तव्य होय. नैराश्य हा आजार आहे, पाप नव्हे. आणि तिला सांगावयाचे ते हे की, काही न वाटताही रात्री उठून रडणाऱ्या मुलाला तू उचलून घेतेस, तेही प्रेमच आहे. ग्राही नसलेल्या व्होलनेही आपल्या पिलांना पाजले, दूध उणे पडले तरी पाजले. त्या मुक्या प्राण्याला दुसरी वाट सापडली असेल, तर जिला वचन देता येते व जिच्या पाठीशी मंडळी उभी राहू शकते, तिला ती सापडणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.